अंगणातले कोडिंग : ताराबाई मोडकांनी दाखवलेली वाट

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतून आमच्या शासकीय रुग्णालयात येणाऱ्या तरुण पालकांकडून गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. मूल जेमतेम चार वर्षांचे असते. लसीकरणाचे किंवा सर्दी-खोकल्याचे काम आटोपले, की आई-वडील विचारतात, याला कोडिंगच्या क्लासला कधी घालावे? काहींनी हप्त्याने टॅब घेतलेला असतो. काहींना मोबाईलवरच्या जाहिरातीने धास्ती घातलेली असते, की आता सुरुवात केली नाही तर मूल मागे पडेल. पाळीत काम करणाऱ्या कामगाराच्या पगारातून हे पैसे निघतात, म्हणून प्रश्न साधा नाही.

या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर एका बाईंच्या आयुष्यात सापडते. आपल्या घराघरांत संगणक पोहोचण्याच्या कितीतरी आधी, १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव ताराबाई मोडक. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचे मूळ त्यांच्या कामात आहे, हे पुष्कळांना ऐकून माहीत असते. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाची विचार करण्याची शक्ती कशी वाढते, हे त्यांनी किती बारकाईने ओळखले होते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

आधी कोडिंग म्हणजे काय ते पाहू. यंत्राला काम सांगायचे तर ते लहान लहान पायऱ्यांत तोडावे लागते. पायऱ्या योग्य क्रमाने लावाव्या लागतात. तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तर किती वेळा, ते सांगावे लागते. अमुक झाले तर हे कर, नाही तर ते कर, अशी जर-तरची अट घालावी लागते. आणि उत्तर चुकले, की नेमकी कोणती पायरी चुकली ते शोधून दुरुस्त करावे लागते. क्रम, पुनरावृत्ती, अट आणि चूकदुरुस्ती. पडदा, कळफलक आणि संगणकाची भाषा ही या चार गोष्टी वापरण्याची साधने आहेत. चार वर्षांच्या मुलाला शिकायच्या असतात त्या या चार गोष्टी, आणि त्यांच्यासाठी वीजसुद्धा लागत नाही.

अमरावती ते भावनगर

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणाला घरातच विरोध होण्याचा तो काळ. पण या सुधारणावादी घरात मुलीने शिकावे हे गृहीतच होते. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात आल्या. पती कृष्णराव मोडक अमरावतीला वकिली करत. काही वर्षे ताराबाईंचा संसार अमरावतीत झाला, पण तो टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी, पदरी लहान मुलगी असताना, असा निर्णय घेणे किती अवघड असेल याची कल्पना आजच्या वाचकालाही करता येईल. चरितार्थासाठी त्यांनी राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. मान होता, पगार होता, स्थैर्य होते.

ते सगळे सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका हे एकेकाळचे वकील दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० पासून बालमंदिर चालवत होते. मुलाला छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, मूल आपल्या गतीने हाताने काम करत शिकते, हे त्या बालमंदिराचे सूत्र होते. गिजुभाईंच्या मिशा आणि मुलांवरची माया पाहून लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. दोघांनी मिळून बालशिक्षणावर लिहिले, शिक्षक तयार केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका या मासिकातून हे विचार गुजरातीत आणि पुढे मराठीतही पालकांपर्यंत गेले.

एका डॉक्टरने बनवलेली पेटी

भावनगरच्या बालमंदिराने ज्या पद्धतीचा आधार घेतला होता ती मारिया माँटेसरी यांची. आम्हा वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे माँटेसरीबाई मुळात डॉक्टर होत्या. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या वैद्यक शिकून बाहेर पडल्या. मतिमंद म्हणून कोंडून ठेवलेली मुले त्यांनी पाहिली. त्या मुलांना हातात घ्यायला, चाचपायला, लावायला काहीही दिलेले नव्हते. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केलेले प्रयोग अभ्यासून त्यांनी शैक्षणिक साधने तयार केली. पुढे १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा हीच साधने सर्वसाधारण मुलांच्याही हाती दिली.

त्यांतली दट्ट्यांची पेटी आजही अनेक बालवाड्यांत असते. लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. प्रत्येक दट्टा वेगळ्या मापाचा. मूल सगळे दट्टे बाहेर काढते आणि पुन्हा बसवू लागते. बारीक दट्टा मोठ्या खळग्यात सहज जातो, त्यामुळे चूक लगेच कळत नाही. पण शेवटी हातात एक जाडा दट्टा उरतो आणि समोर अरुंद खळगा. आता मुलाला मागे जावे लागते. कुठला दट्टा चुकीच्या घरात बसला ते शोधावे लागते, काढावा लागतो, पुन्हा लावावे लागते. ताई काही बोलत नाहीत. चूक पेटीच दाखवते.

संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा अभियंता दिवसभर जे करतो त्याचा बराच मोठा भाग नेमका हाच असतो. शेवटी काहीतरी बसत नाही. मग एकेक पायरी मागे जाऊन चूक पकडायची. यात तर्काइतकाच स्वभावही घडतो. चूक म्हणजे मार किंवा अपमान असे ज्या मुलाच्या मनात बसले, ते मूल चूक शोधत नाही, लपवते. चूक म्हणजे पुढचा प्रयत्न, हे ज्याला हाताने कळले ते मूल पुढे गणितात आणि आयुष्यातही टिकून राहते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी छडी बाजूला ठेवली त्यामागे दया होतीच, पण शिकण्याचे शास्त्रही होते.

दोघांनी माँटेसरींची पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. आपल्याकडच्या गोष्टी, गाणी, लोकखेळ, नाट्य त्यांनी बालमंदिरात आणले. गोष्टीचे महत्त्व मला इथे सांगावेसे वाटते. चिमणीचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर ही गोष्ट मूल शंभरदा ऐकते आणि एखादा प्रसंग मागेपुढे झाला तर सांगणाऱ्याला थांबवते. आधी पाऊस, मग घर वाहून जाणे, मग दार ठोठावणे. हा क्रम मोडून चालत नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. क्रमाचा पहिला धडा गोष्टीतच मिळतो.

दादर ते बोर्डी

ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाला बालवाडी म्हणजे काय हे तिथे प्रत्यक्ष पाहता आले. शिक्षिका तयार होऊ लागल्या. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि नूतन बाल शिक्षण संघाचा भार ताराबाईंवर आला. त्याच वर्षी माँटेसरी भारतात आल्या आणि युद्धाची वर्षे त्यांनी इथेच काढली. मोठ्या शहरांतून त्यांच्या पद्धतीचा बोलबाला होऊ लागला.

ताराबाईंना मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. ही साधने महाग होती. सुताराकडून मापात बनवून घ्यावी लागत. जी पद्धत रोमच्या गरीब वस्तीत जन्मली ती आपल्याकडे बरे उत्पन्न असलेल्या घरांपुरती राहू लागली होती. देशातली बहुतेक मुले खेड्यांत होती आणि त्यांच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नव्हते. गांधीजींच्या विचारांचाही ताराबाईंवर प्रभाव होता. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी दादरचे बसलेले काम सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. पुढची जवळजवळ तीन दशके या दोघींनी एकत्र काम केले.

बोर्डीत साधनांचा प्रश्न त्यांनी आजूबाजूला पाहून सोडवला. समुद्रकाठी शंख-शिंपले होते. झाडाखाली बिया, पाने, फुले होती. ओढ्यात गारगोट्या होत्या, घराघरांत माती होती. लाकडी साधनांतून जे साधायचे ते या वस्तूंतून साधता येईल का, अशी त्यांची शोधाची दिशा होती. लहान-मोठे लावणे, रंगाप्रमाणे वेगळे करणे, मोजणे, रांगेत मांडणे, ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा मांडणे. शिंपला, बी, शिंपला, बी, पुढे काय येईल? याला संगणकाच्या जगात पुनरावृत्ती म्हणतात. आपल्याकडे दसऱ्याचे तोरण ओवताना झेंडू आणि आंब्याची पाने याच नियमाने येतात.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९४६ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक हा सुरुवातीच्या काळातला इलेक्ट्रॉनिक संगणक लोकांपुढे आला. सुमारे ३० टन वजन आणि जवळपास १८ हजार निर्वात नळ्या. त्याला काम सांगणाऱ्या पहिल्या फळीत सहा तरुणी होत्या. त्यांच्यासमोर पडदा नव्हता. कागदावर पायऱ्या आखायच्या, तारा जोडायच्या, कळी फिरवायच्या आणि चुकले की तार न् तार तपासायची, असे त्यांचे काम होते. जगाच्या दोन टोकांना, एकमेकींची गंधवार्ताही नसताना, स्त्रिया क्रम आणि चूकदुरुस्ती यांचेच काम करत होत्या. एकीकडे तोफगोळ्यांच्या गणितासाठी, दुसरीकडे चार वर्षांच्या मुलांसाठी.

मूल येत नाही, तर शाळाच जाईल

बोर्डीच्या केंद्रात एक अडचण लवकरच पुढे आली. दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले केंद्रात येत नव्हती. आई-वडील पहाटेच कामावर जात. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. कोणाला गुरांमागे जावे लागे. मूल आंघोळ करून, कपडे घालून, इतके अंतर चालत येईल ही अपेक्षाच चुकीची होती.

तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जात. एखाद्या अंगणात मुले जमवायची, त्यांची नखे, केस, आंघोळ पाहायची, मग गाणी, गोष्टी, खेळ आणि मांडणी. मुलांचे आई-वडीलही येता-जाता हे पाहत. या अंगणातल्या बालवाडीवरूनच अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची कल्पना पुढे आली.

डॉक्टर म्हणून मला यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की ताराबाईंनी आरोग्य आणि शिक्षण यांची फारकत केली नाही. खरुज झालेले, भुकेले, रात्रभर न झोपलेले मूल शिंपल्यांची रांग लावू शकत नाही. रक्तक्षय असलेल्या मुलाचे लक्ष टिकत नाही. दुसरी ही, की हात धुणे, बटण लावणे, पाणी न सांडता भांड्यात ओतणे, दाणे निवडणे या जीवनव्यवहाराच्या कामांना त्यांनी अभ्यासाचा दर्जा दिला. हात धुण्याचे काम पाहा. बाही वर करणे, हात ओले करणे, साबण लावणे, बोटांच्या सांध्यांत चोळणे, पाणी घेणे, पुसणे. सहा पायऱ्या आणि ठरलेला क्रम. साबणाआधी हात पुसले तर काय होईल, असे विचारून पाहा. मूल खदखदून हसते. ते हसणे म्हणजे क्रम समजल्याची पावती.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. तिथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी ताई भावंडाला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसू शकेल. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी कुरणशाळा निघाली. वारली भिंतीवरची चित्रे वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून माणसे, झाडे, नाच, लग्नाचा चौक उभा करतात. मोजक्या आकारांतून सगळे जग मांडणे ही कला या मुलांच्या घरात आधीपासूनच होती. आदिवासी मूल रिकामे भांडे म्हणून शाळेत येते हा समज कोसबाडने मोडला.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत सांभाळले. ताराबाईंच्या जाण्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचू लागली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

मेंदूत काय घडते

ताराबाई संगणकासाठी मुले तयार करत नव्हत्या. त्यांना सगळे मूल घडवायचे होते. पण त्यांनी अनुभवातून जे ओळखले त्याला नंतरच्या संशोधनाने दुजोरा दिला आहे.

कपाळामागच्या मेंदूच्या भागात तीन क्षमता तीन ते सहा या वयात झपाट्याने वाढतात. सूचना डोक्यात धरून ठेवणे, मनात आलेली पहिली कृती आवरणे आणि नियम बदलला की आपणही बदलणे. मानसशास्त्रज्ञ एक सोपी चाचणी घेतात. मुलाला चित्रांची पाने आधी रंगाप्रमाणे लावायला सांगतात, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांचे मूल नवा नियम तोंडाने सांगते, तरी हात जुन्याच नियमाने चालतो. पाच वर्षांचे होईतो बहुतेक मुलांना हा बदल जमतो. जर-तरची अट समजण्याचा पाया हाच.

पडद्यावरून हे शिकवले तर? दोन-अडीच वर्षांपर्यंतचे मूल समोरच्या माणसाकडून जे पटकन उचलते, ते चित्रफितीतून तेवढे उचलत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पडदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत नाही, त्याचा बोबडा शब्द दुरुस्त करून परत देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तेवढे चांगले. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी आणि १० ते १३ तास झोपावे. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही २०२० मध्ये तीन ते आठ हे वय खेळातून शिकण्याचे मानले आणि कोडिंगचे उपक्रम सहावीपासूनच्या टप्प्यात ठेवले. तेव्हा चार वर्षांचे मूल कशातही मागे पडत नाही.

मुलांना संगणकाची लोगो ही भाषा १९६७ मध्ये देणाऱ्या सीमोर पॅपर्ट यांचाही मार्ग शरीरातूनच जात होता. लोगोतले कासव कुठे वळेल हे कळत नसेल, तर मुलाने स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता.

घरी काय खेळावे

बुटीबोरीच्या एका खोलीतही जमतील असे काही खेळ सांगतो. रोज १५-२० मिनिटे पुरेत.

शिवाजी म्हणतो हा खेळ सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी म्हणतो असे ऐकू आले तरच कृती करायची, नाही तर जागचे हलायचे नाही. अट आणि संयम, दोन्ही यात आहेत. चिमणी उड, कावळा उड यातही तेच, शिवाय उडणारे आणि न उडणारे यांचे वर्गीकरण.

फरशीवर खडूने चार आडवी, चार उभी घरे आखा. एका कोपऱ्यात मूल, दुसऱ्या कोपऱ्यात त्याचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. मुलाने बैलापर्यंत जायचे, पण बाबांनी सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. दोन घरे पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे. नंतर अदलाबदल करा. मूल सूचना देईल, बाबा चालतील. मुलाने चुकीची सूचना दिली तरी बाबांनी ती तंतोतंत पाळावी आणि भिंतीला जाऊन थडकावे. कुठे चुकले ते मूल स्वतः शोधेल. तेव्हा सांगून टाकण्याचा मोह आवरणे हे मोठ्यांचे काम.

डब्यांची झाकणे, संत्र्याची साले, तुरीच्या वाळक्या शेंगा, पाने यांची रांग लावा आणि पुढे काय येईल ते ओळखायला सांगा. चहा करताना पायऱ्या मुलाला तोंडी सांगू द्या. झोपताना दिवसभराची गोष्ट उलट क्रमाने सांगायला लावा. आजी घरात असेल तर रांगोळीच्या ठिपक्यांपासून सुरुवात करा. भाषा घरची असू द्या; मराठी, हिंदी, छत्तीसगढी, भोजपुरी, कोणतीही चालेल. तर्काला इंग्रजीची गरज नाही.

दोन इशारे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, मणी, शेंगदाणे, गोट्या देऊ नका. त्याहून मोठ्यांनाही नजरेसमोरच द्या. या वस्तू नाकात, कानात जातात आणि श्वासनलिकेत गेल्या तर जिवावर बेततात. दुसरे, पडदा नसलेली म्हणून विकली जाणारी काही खेळणी बटणासारख्या चपट्या सेलवर चालतात. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. सेलचे झाकण स्क्रूने बंद नसेल ते खेळणे घेऊ नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि मूल खेळतच नसेल तर? हाक मारल्यावर पाहत नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, तीन वर्षांचे होऊनही चेंडू आण आणि आईला दे अशी दुहेरी सूचना पाळत नाही, आधी येणारे शब्द बोलेनासे झाले, यांपैकी काहीही असेल तर मोबाईलची सवय म्हणून सोडून देऊ नका. ऐकण्याची आणि विकासाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, त्यांच्याकडे नोंद करा. गरज असेल तर ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तपासणी मोफत असते आणि जितकी लवकर तितका फायदा अधिक.

क्लासचे शुल्क भरण्याआधी पालकांनी एक काम करावे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत सकाळी तासभर जाऊन बसावे. मुले किती वेळ हाताने काही करतात आणि किती वेळ नुसती बसून असतात ते पाहावे. सेविकाताई बहुधा एकट्याच असतात. आहार, वजन, नोंदी हे सगळे सांभाळून त्यांना खेळ घ्यायचा असतो. तिथे खडू, रांगोळी, झाकणे, जुने ठोकळे कमी असतील तर आणून द्यावेत आणि सुटीच्या दिवशी अंगणात चौकटी आखून द्याव्यात. आपल्याबरोबर शेजारच्या पाच-पंचवीस मुलांचेही त्यात भले आहे. ताराबाईंनी दादर सोडून बोर्डी गाठली ती नेमक्या याच मुलांसाठी.